नाव असलेली कापडे, नाव हरवलेली माणसे
(प्रस्तावना)

आफ्रिकेतील व्यक्तिचित्रणाचा विचार करताना एक गोष्ट आरंभीच ध्यानात घेणे इष्ट आहे. कॅमेरा त्या खंडात पुष्कळदा राज्यकर्त्यांच्या मागोमाग आला. अंमलदार, मिशनरी आणि मानववंशशास्त्राचे अभ्यासक यांनी जी चित्रे काढली, त्यांत समोरचा मनुष्य अमुक जमातीचा एक नमुना म्हणून उभा केला जाई. त्याने काय नेसावे, कोठे पाहावे, हात कोठे ठेवावेत, हे ठरविण्याचा अधिकार त्याचा नसे, आणि तयार झालेले चित्र त्याच्या दृष्टीसही न पडता दूरदेशीच्या कोणा कचेरीच्या दफ्तरात जाऊन पडे. याच्या उलट, पश्चिम किनाऱ्यावरील बंदरांतून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून, आणि अंतर्भागातील शहरांतून पुढे विसाव्या शतकात, जे स्थानिक छायाचित्रकार स्टुडिओ थाटून बसले, त्यांच्या दारी मनुष्य येई तो गिऱ्हाईक म्हणून येई. पैसे त्याचे, पोशाख त्याचा, पसंती-नापसंती त्याची, आणि चित्रही अखेर त्याच्याच घरच्या भिंतीवर लागे. आज जगातील फॅशनच्या मासिकांत आफ्रिकी वस्त्रांच्या पार्श्वभूमीवर घेतलेली जी झगझगीत व्यक्तिचित्रे दिसतात, त्यांचे कूळ या दुसऱ्या परंपरेत आहे. आणि पुढील पानांतील चित्रांचा मराठी वाचकांस परिचय करून देताना त्या कुळाची हकीकत सांगावी, एवढेच या प्रस्तावनेचे प्रयोजन आहे.

प्रथम वस्त्राविषयी. आफ्रिकी कापड म्हटले की भडक रंगांचे, मोठमोठ्या आकृत्यांचे छापील सुती कापड आपल्या दृष्टीसमोर उभे राहते, आणि ते त्या भूमीत अनादि काळापासून निपजत आले असावे असे आपण गृहीत धरतो. वस्तुस्थिती याहून मनोरंजक आहे. जावा बेटात मेणाने नक्षी रेखून जे बातिक कापड रंगवीत, त्याची यंत्रावर स्वस्त नक्कल करून ती जावाच्याच लोकांना विकावी, असा बेत एकोणिसाव्या शतकात हॉलंडमधील कारखानदारांनी केला. हेल्मंड गावी १८४६ साली स्थापन झालेली आणि आज व्लिस्को या नावाने सर्वत्र ठाऊक असलेली पेढी ही त्यांपैकीच एक. कापडाच्या दोन्ही अंगांस राळेचा ठसा द्यावयाचा, मग ते निळीत बुडवावयाचे, आणि राळेखालचा भाग कोरा राखावयाचा, अशी ही कृती. परंतु सुकलेल्या राळेला तडे जात, त्या तड्यांतून नीळ आत झिरपे, आणि सबंध कापडावर बारीक रेषांचे जाळे उमटे. जावाच्या चोखंदळ गिऱ्हाइकाला हा दोष खपला नाही. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर मात्र, एका वारासारखा दुसरा वार नसणे हाच त्या कापडाचा गुण ठरला. आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एबेनेझर ब्राउन फ्लेमिंग नावाच्या एका स्कॉटिश व्यापाऱ्याने गोल्ड कोस्टवर, म्हणजे आजच्या घानात, त्याची पेठ चांगलीच बसविली. त्याआधी, १८३१ ते १८७२ या काळात, डच सरकारने त्याच किनाऱ्यावरून सुमारे तीन हजार शिपाई जावाकडील लष्करात भरती केले होते. परतताना त्यांनी बातिकची आवड आपल्याबरोबर आणली असावी, असेही सांगतात.

म्हणजे आशियातील कारागिरीची युरोपात झालेली नक्कल आफ्रिकेत जाऊन अस्सल ठरली. हे अस्सलपण तिला कोणी बहाल केले, हा प्रश्न महत्त्वाचा आहे, आणि त्याचे उत्तर घाऊक व्यापार हाती असलेल्या आफ्रिकी स्त्रियांकडे बोट दाखविते. कारखान्याच्या वहीत ज्या नक्षीला केवळ एक अनुक्रमांक असे, तिला बाजारात या स्त्रिया नाव देत, आणि ते नाव लागले की ठाणामागून ठाण खपे. दार उघडलेला पिंजरा आणि त्यातून उडालेले पाखरू अशी नक्षी असेल, तर तिचे नाव 'तू बाहेर पडलास तर मीही पडेन'. उडत्या पाखरांची नक्षी असेल, तर तिच्यावरून पैशालाही पंख असतात असे म्हणावयाचे. नवऱ्याला, सवतीला किंवा शेजारणीला जे तोंडाने सांगणे शिष्टसंमत नाही, ते अंगावरच्या कापडाने सांगावयाचा शिरस्ता त्यामुळे पडला. टोगोची राजधानी लोमे येथील बड्या व्यापारी स्त्रियांनी तर विशिष्ट नक्षींच्या विक्रीचा मक्ताच आपल्याकडे ठेवला होता, आणि त्या कमाईवर घेतलेल्या मर्सिडीझ-बेंझ गाड्यांमुळे लोक त्यांना 'नाना बेंझ' म्हणून ओळखू लागले.

याचा अर्थ त्या खंडाची स्वतःची वस्त्रविद्या दुर्बल होती असा कोणी करू नये. असांते आणि एवे विणकरांचे अरुंद पट्ट्या जोडून सिद्ध होणारे केंते, योरुबा स्त्रियांचे कसाव्याच्या पिठाची खळ लावून निळीत रंगविलेले आदिरे, आणि माली देशातील पाल्याच्या रसात बुडवून आंबविलेल्या चिखलाने रेखलेले बोगोलान, यांतील प्रत्येकाची कृती आणि प्रतिष्ठा स्वतंत्र आहे; मालीचाच क्रिस सेदू (१९४९–१९९४) याने बोगोलानचे रूपांतर शहरी शिलाईच्या जाकिटांत आणि स्कर्टांत करून दाखविले, हेही त्या परंपरेच्या सामर्थ्याचेच गमक होय. सांगावयाचा मुद्दा इतकाच की, परके कापड आपलेसे करण्याची कलाही तेथे तितकीच जुनी आहे. आपल्याच देशाचा दाखला घ्यावयाचा, तर पाँडिचेरीकडील निळ्या कापडाचे तागे सेनेगल नदीच्या काठी डिंकाच्या बदल्यात दिले जात. आणि मद्रासकडचे चौकटीचे कापड नायजर नदीच्या मुखाशी राहणाऱ्या कालाबारी लोकांत गेले, तेव्हा तेथील स्त्रियांनी पात्याने त्यातील निवडक धागे कापून आणि उपसून काढून एक नवीनच जाळीदार नक्षी निर्माण केली. मूळच्या चौकटी त्या कापडात दिसतात, पण विणकराला ओळखू येणार नाहीत अशा. बाहेरून आलेला माल वजाबाकीने स्वतःचा करण्याचे इतके चतुर उदाहरण माझ्या पाहण्यात दुसरे नाही.

पूर्व किनाऱ्यावरचा संबंध आपणांस अधिक जवळचा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झांझिबारमध्ये जे व्यावसायिक छायाचित्रकार प्रसिद्धीस आले, त्यांत गोमिश, कुतिन्यू अशी गोमंतकीय नावे अग्रभागी आहेत; पुढे त्याच गावी रणछोड ओझा यांनी १९३० साली कॅपिटल आर्ट स्टुडिओ काढला, आणि मोंबासात पारेख यांच्या स्टुडिओत स्वाहिली कुटुंबे सणासुदीच्या पोशाखात येऊन बसत. त्या किनाऱ्यावर स्त्रिया जी कांगा नावाची जोडवस्त्रे नेसतात, त्यांच्या काठाशी एक म्हण छापलेली असते, आणि त्यांच्या व्यापारात मोंबासातील भारतीय वंशाच्या पेढ्यांनी मोठे नाव मिळविले. कापड आणि कॅमेरा या दोहोंच्या संदर्भात हिंदी महासागराच्या दोन्ही काठांचा व्यवहार इतका जुना असल्यामुळे, हा विषय मराठी वाचकाला सर्वस्वी परका वाटू नये.

आता स्टुडिओकडे वळू. या परंपरेचे सर्वांत परिपक्व रूप पाहावयाचे तर मालीची राजधानी बामाको येथे, सेदू केइता याच्या अंगणात गेले पाहिजे. १९२१ च्या सुमारास जन्मलेला केइता हा व्यवसायाने सुतार. त्याच्या काकाने १९३५ साली सेनेगलहून परतताना एक साधा कोडॅक कॅमेरा आणला, तो या मुलाच्या हाती पडला, आणि १९४८ साली त्याने स्वतःचा स्टुडिओ उघडला. जागा रेल्वे स्टेशनापासून जवळ असल्यामुळे गावोगावचे उतारू त्याच्याकडे येत. तेरा गुणिले अठरा सेंटिमीटरची मोठी निगेटिव्ह, बहुधा उघड्यावरचा दिवसाचा प्रकाश, आणि एका गिऱ्हाइकाला एकच चित्र, ही त्याची पद्धत. निगेटिव्ह महाग असल्यामुळे दुसरा प्रयत्न परवडण्यासारखा नसे, आणि म्हणून बसण्याची ढब, मानेचा कल, हाताची बोटे, झग्याची घडी, हे सर्व गिऱ्हाईक आणि छायाचित्रकार यांच्या दरम्यान आधीच ठरून जाई. त्याने स्टुडिओत युरोपीय पद्धतीचे सूट, टाय, घड्याळे, फाउंटन पेन, रेडिओ आणि स्कूटरसुद्धा ठेवली होती. ज्याला जे शोभेल असे वाटे, त्याने ते चित्रापुरते घ्यावे. स्त्रिया बहुधा स्वतःच्याच वस्त्रांत येत, आणि घोळदार झगा सबंध दिसावा, दागिने दिसावेत, सडपातळ बोटे दिसावीत, असा त्यांचा आग्रह असे.

या चित्रांतील पडद्याविषयी स्वतंत्रपणे लिहिणे अवश्य आहे. केइताने पहिला पडदा म्हणून आपल्याच बिछान्यावरची झालरीची चादर लावली. ती जुनी झाल्यावर दोन-तीन वर्षांनी फुलांची, मग पानांची, मग वेलबुट्टीची अशी कापडे बदलली. चित्रांवर तारखा घालण्याची त्याला सवय नव्हती, त्यामुळे पुढे अभ्यासकांनी त्याच्या हजारो निगेटिव्हांचा कालानुक्रम लावण्यासाठी याच पडद्यांचा आधार घेतला: अमुक पडदा दिसला की अमुक साल. ज्या कापडाकडे शोभेचे साधन म्हणून पाहिले जाते, त्यानेच येथे दफ्तरदाराचे काम केले आहे. पुढे पडद्यावरील नक्षी आणि अंगावरील नक्षी यांची जी सरमिसळ होते, ती तर या कलेचा प्राणच होय. आडवी पहुडलेली स्त्री हे त्याचे एक विख्यात चित्र घ्या. तिच्या अंगावर नक्षीदार पोशाख, खाली चौकटीचे अंथरूण, मागे वेलबुट्टीचा पडदा. तीन नक्षी एकमेकींस इतक्या भिडलेल्या की, प्रथमदर्शनी डोळ्याला टेकण्यास जागा सापडत नाही. मग हळूहळू ध्यानात येते की, या सर्व गर्दीत बिननक्षीचे असे स्थळ एकच आहे, आणि ते म्हणजे त्या स्त्रीचा चेहरा व तिचे हात. चित्रकार एरवी पार्श्वभूमी रिकामी ठेवून जे साधतो, ते या सुताराने ती गच्च भरून साधले आहे. आणखी एका चित्रात पांढरा कोट, टाय आणि जाड काडीचा चष्मा ल्यालेला एक तरुण हातात एकच फूल धरून उभा आहे. ते फूल त्याने इतक्या अदबीने धरले आहे की, कोणी तरी त्याला सनद दिली असावी आणि तो ती वाचून दाखविण्याच्या बेतात असावा, असा भास व्हावा.

१९६० साली माली स्वतंत्र झाला. पुढे केइताला सरकारी छायाचित्रकाराची नोकरी पत्करावी लागली आणि त्याचा स्टुडिओ बंद पडला. परंतु याच सुमारास मालिक सिदिबे (मृत्यू २०१६) याने बामाकोच्या बागादाजी मोहल्ल्यात आपला स्टुडिओ मांडला होता. त्याच्या पट्ट्यापट्ट्यांच्या पडद्यापुढे येणारी पिढी निराळी होती. तिने रेडिओवर आणि तबकड्यांवर परदेशी संगीत ऐकले होते, शिंप्याकडून रुंद पायांच्या विजारी शिवून घेतल्या होत्या, आणि रात्री नाचाच्या मंडळांत ती जमत असे. सिदिबे तिच्या मागोमाग तेथेही जाई. १९६३ सालच्या नाताळच्या रात्रीचे त्याचे चित्र आता जगभर ठाऊक झाले आहे: सुटातला तरुण, अनवाणी तरुणी, दोघांची मस्तके जवळजवळ टेकलेली, दृष्टी पावलांकडे. स्वातंत्र्याच्या पहिल्या वर्षांचे वर्णन करणारे सरकारी दस्तऐवज पुष्कळ असतील, परंतु त्या काळी नवीन कपडे करून घेणाऱ्या माणसाला नेमके काय वाटत होते, हे या चित्राइतके स्पष्ट त्यांतून समजेल असे वाटत नाही.

येथवरची हकीकत सुखाची आहे. पुढच्या भागात थोडी फिर्याद आहे. १९९१ साली न्यूयॉर्कमधील एका मोठ्या प्रदर्शनात केइताची काही चित्रे मांडली गेली, तेव्हा त्यांखाली बामाकोचा अज्ञात छायाचित्रकार एवढाच मजकूर होता. ज्या गृहस्थाने वर्षानुवर्षे आपल्या चित्रांच्या पाठीमागे स्वतःच्या नावाचा शिक्का मारला, तो समुद्रापलीकडे जाताच निनावी झाला. आंद्रे मान्यँ नावाचा फ्रेंच जाणकार पुढे त्याचा शोध घेत बामाकोत आला. तो सिदिबेकडे पोहोचला, आणि सिदिबेने ही चित्रे पाहताच ती कोणाची हे सांगून त्याला केइताकडे नेले. १९९४ साली पॅरिसच्या कार्तिए प्रतिष्ठानाने केइताचे स्वतंत्र प्रदर्शन भरविले, त्याच वर्षी बामाकोत छायाचित्रणाचा द्वैवार्षिक महोत्सव सुरू झाला. सिदिबेला २००३ साली हॅसलब्लाड पुरस्कार आणि २००७ साली व्हेनिसच्या महोत्सवात जीवनगौरवाचा सुवर्णसिंह मिळाला. छायाचित्रकारांची नावे अशी उशिरा का होईना, रुजू झाली. ज्यांची चित्रे काढली, त्या गिऱ्हाइकांपैकी बहुतेकांची नावे मात्र आजही कोणास ठाऊक नाहीत. लोमेच्या बाजारातील एकेका कापडाला नाव आहे, आणि ते कापड नेसून बसलेली स्त्री जगातील संग्रहालयांत शीर्षकाविना टांगलेली आहे, ही विसंगती या विषयाच्या प्रत्येक अभ्यासकाला टोचली पाहिजे.

आणखीही एक फरक नोंदवून ठेवतो. केइताने गिऱ्हाइकाला दिलेले चित्र तळहातावर मावेल एवढे असे. ते चिकटवहीत जाई, पत्रातून गावी धाडले जाई, सोयरिकीच्या बोलण्यात दाखविले जाई. पॅरिस आणि न्यूयॉर्कच्या दालनांत लागलेल्या प्रती पुरुषभर उंचीच्या आणि काळ्या-पांढऱ्याचा विरोध मुद्दाम तीव्र केलेल्या आहेत. त्या प्रेक्षणीय आहेत यात शंका नाही. परंतु घरगुती व्यवहाराची वस्तू कलावस्तू झाली, तेव्हा तिचे मोल वाढले आणि तिचा मूळ मालक तिच्यापासून एक पाऊल दूर सरला, हेही तितकेच खरे.

फॅशनच्या जगाने या परंपरेकडे पाहिले ते या प्रसिद्धीनंतर. आरंभीच्या प्रयत्नांत तरी त्या जगाने मूळ कारागिराला वगळले नाही, हे त्याच्या श्रेयात जमा केले पाहिजे. 'न्यूयॉर्क टाइम्स मॅगझिन'साठी २००९ साली आफ्रिकी छपाईच्या प्रेरणेने शिवलेल्या नवीन पोशाखांची चित्रमाला काढावयाची होती, तेव्हा तिचे काम वृद्ध सिदिबेवरच सोपविण्यात आले. पाश्चात्त्य शिलाईचे कपडे बामाकोच्या त्याच पट्टेरी पडद्यापुढे उभे राहिले, आणि त्या कामाबद्दल सिदिबेला पुढील वर्षी 'वर्ल्ड प्रेस फोटो'चा पुरस्कार मिळाला. बांगी शहरात लहानपणीच स्टुडिओ काढून, उरलेल्या फिल्मवर रात्री स्वतःचीच चित्रे घेणाऱ्या सॅम्युएल फोसोने तर परक्यांच्या मागणीचा उपहासही करून दाखविला. पॅरिसच्या ताती या स्वस्त कपड्यांच्या दुकानासाठी १९९७ साली केलेल्या मालेत तो बिबट्याचे कातडे, सोन्याच्या माळा, काळा चष्मा आणि हातात सूर्यफुले अशा थाटात, छापील कापडांच्या गर्दीत, खुर्चीवर सरदार होऊन बसला, आणि शीर्षक दिले ते वसाहतवाल्यांना आफ्रिका विकणाऱ्या सरदाराचे. परक्याच्या नजरेला जे दृश्य हवे असते ते सर्व त्याने पुरविले, आणि त्याची किंमत मथळ्यात वसूल केली.

नव्या पिढीत मोरोक्कोचा हसन हज्जाज याने मित्रमंडळींना भरजरी रंगीबेरंगी कापडांत उभे करून, चित्राच्या चौकटीत बाजारातले डबे ओळीने मांडण्याची पद्धत रूढ केली. परंतु मराठी वाचकांचे लक्ष मी विशेषेकरून डकारच्या ओमर व्हिक्टर दिओप (जन्म १९८०) याच्याकडे वेधू इच्छितो. २०१४ साली सुरू केलेल्या 'डायस्पोरा' या मालेत त्याने आफ्रिकेबाहेर कीर्ती मिळविलेल्या ऐतिहासिक आफ्रिकी पुरुषांची सोंगे स्वतः घेतली, जुन्या तैलचित्रांचे पोशाख नव्याने शिवून घेतले, आणि प्रत्येक चित्रात फुटबॉलच्या खेळातील एखादी वस्तू ठेवली. कारण युरोपात गाजणाऱ्या आजच्या आफ्रिकी खेळाडूच्या वाट्यालाही जयजयकार आणि परकेपणा एकाच वेळी येतो. त्या ऐतिहासिक पुरुषांत एक मलिक अंबर आहे. हबसाणात जन्मून, गुलाम म्हणून विकला जाऊन, अखेर निजामशाहीचा मुखत्यार झालेला, खडकी वसविणारा आणि जमीनमहसुलाची घडी बसविणारा हा पुरुष आपल्याकडे शाळकरी मुलासही ठाऊक आहे. तो डकारच्या एका तरुणाच्या अंगावर दख्खनी पोशाख होऊन परत आफ्रिकेत गेला, आणि तेथून जगाच्या दालनांत उभा राहिला. ज्या प्रवासाची दुसरी बाजू आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत आहे, त्याची ही पहिली बाजू पाहण्यास आपण उत्सुक असावे.

या सर्व विवेचनावरून एक कसोटी हाती लागते, असे मला वाटते. अमुक कापड अमुकांचे, सबब इतरांनी त्यास हात लावू नये, असा हुकूम कोणी काढू म्हणेल, तर ज्या कापडाच्या अंगी जावा, हॉलंड, मद्रास आणि लोमे एकत्र नांदतात, त्याच्यावर तो चालणार नाही. आणि सर्वच उसने आहे, मग बिनदिक्कत उचलावे, असे कोणी म्हणेल, तर न्यूयॉर्कच्या त्या प्रदर्शनातील अज्ञात छायाचित्रकार त्याला आडवा येईल. कालाबारी स्त्रीने मद्रासचे कापड घेतले तेव्हा त्याचे दाम मोजले, आणि स्वतःचे श्रम त्यात घातले. सिदिबेला काम देणाऱ्या संपादकांनी त्याचे नाव छापले. फोसोने परक्याची मागणी पुरविताना स्वतःचा अभिप्राय लपविला नाही. दाम, श्रम आणि नाव या तीन गोष्टींचा हिशेब जेथे चुकता होतो, तेथे घेणाऱ्याला संकोच वाटण्याचे कारण नाही. जेथे होत नाही, तेथे चित्र कितीही देखणे असले तरी ते अपुरेच म्हटले पाहिजे.

चित्रे पाहणाऱ्यास शेवटी दोन व्यावहारिक सूचना कराव्याशा वाटतात. पहिली, प्रत्येक चित्रात पडदा, पोशाख आणि चेहरा हे तिन्ही वेगवेगळे करून पाहावेत, म्हणजे कोणते गिऱ्हाइकाने आणले, कोणते स्टुडिओने पुरविले आणि कोणते मासिकाच्या कचेरीतून आले, हे उमगत जाईल. दुसरी, आपल्याकडील हौशी व व्यावसायिक छायाचित्रकार लग्नसराईसाठी आणि जाहिरातींसाठी आता अशाच नक्षीदार पार्श्वभूमी वापरू लागले आहेत. त्यांनी पैठणीच्या, इरकलीच्या किंवा खणाच्या पडद्यापुढे कोणासही बसविताना विणकराचे गाव आणि बसणाऱ्याचे नाव चित्राच्या पाठीवर लिहून ठेवावे. केइताचा शिक्का होता तरी त्याचे नाव तीस-चाळीस वर्षे हरवले. ज्या चित्रावर शिक्काच नाही, त्याची रुजवात पुढे कोणी, कशावरून घालावी?